अमोलच्या कानातली बाई

फेब्रुवारी सरत आला की थेरगावात मिळकतकराची रिक्षा फिरू लागते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. कराचं दुखणं नव्हे, तो आम्ही वेळेवर भरतो. रिक्षाच्या टपावर बांधलेल्या भोंग्यातून जी बाई बोलते, तिचं दुखणं आहे. ‘नागरिकांना नम्र विनंती’ हे शब्द ती अशा काही सुरात म्हणते की कर थकवलेल्या माणसालाही आपल्याला कुणीतरी चहाला बोलावतंय असं वाटावं. डांगे चौकात हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागलेले असतात, भाजीवाल्यांकडे हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या येतात, सोसायटीतल्या एकुलत्या एका आंब्याला मोहर धरलेला असतो. सकाळी अजून अंगावर पातळ चादर लागते आणि दुपारी गच्चीवरचे पापड उलटायला गेलं तर पाय भाजतात. इतका चांगला महिना, आणि त्यात ही बाई चौकातून, गल्लीतून, माझ्या स्वयंपाकघराच्या जाळीतून थेट आत येते. मी खिडकी लावून घेते.

तिचं नाव नसरीन. हे सगळं ती आमच्याच घरात, आतल्या खोलीत बसून बोलली आहे, तेही माझ्या हातचा चहा पिऊन. तिने माझं काहीही वाईट केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मला मनसोक्त जळता येईल.

आतली खोली हे माझ्या नवऱ्याचं, प्रशांतचं संस्थान. नोकरी चाकणच्या कारखान्यात, तिथल्या टाक्या, पाइप आणि त्यांवरची मोजमापाची यंत्रं नीट ठेवण्याची. शिफ्ट संपवून घरी आला की तो या खोलीत घुसतो. दुकानांच्या जाहिराती, मंडळांची गाणी, भाऊ-दादांच्या वाढदिवसाच्या आरोळ्या, असं काय काय तिथे रेकॉर्ड होतं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारही भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या केलेल्या आहेत, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. या गाद्या पिंपरीतल्या नसरीनच्या वडिलांच्या दुकानातून आलेल्या. म्हणजे आमच्या खोलीतली शांतता सुद्धा तिच्याच घरची. मला हे लग्नातल्या आहेरासारखं कायम आठवत राहतं.

अमोल माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे लातूरकडचे. बारावी झाल्यावर तो माझ्या मागोमाग इकडे आला आणि चाकणला एका कंपनीत लाइनवर लागला. गाड्यांच्या दरवाजांना रबर बसवायचा. डोळ्यांचा पडदा हळूहळू विझत जाण्याचा आजार त्याला तिथे असतानाच कळला. आधी त्याची संध्याकाळ गेली. दिवस मावळला की त्याला काही दिसेना. मग दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या आणि समोरचं तेवढं एखाद्या नळकांड्यातून पाहिल्यासारखं उरलं. मग तेही गेलं. कंपनी सुटली, खोली सुटली, तो आमच्याकडे राहायला आला. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं की आता याचे डोळे मी. आईला फोनवर तसं सांगितलंही. मला हे काम कुणी दिलेलं नव्हतं, पण मी ते असं घट्ट धरलं की दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला खपेना. प्रशांत त्याला जिना उतरवायला पुढे झाला तरी मी मध्ये शिरायचे.

अमोलने कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास धरला. फोनमधलं यंत्र त्याला वाचून दाखवायचं, पण पुस्तकाचे फोटो काढून दिले की त्या यंत्राची गाडी घसरायची. एका रकान्यातला राजा दुसऱ्या रकान्यातल्या लढाईत मरायचा. मग मी वाचायला बसले. सोफ्यावर तो, शेजारी मी. काही दिवसांनी तो म्हणाला, ताई, तू कामात असलीस की माझं अडतं, रेकॉर्ड करून ठेव, म्हणजे मला हवं तेव्हा ऐकता येईल. प्रशांतने लगेच खोली उघडून दिली.

तो फेब्रुवारी माझ्या अंगावर अजून आहे. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा लावता येत नाही. पवना नदीत जलपर्णी माजली की त्या दिवसांत आमच्याकडे डासांचं राज्य असतं. बंद खोलीत, गाद्यांच्या कोंदट वासात, पायांवर ओडोमास थापून मी वाचत असे. बाहेर सोसायटीची पाण्याची मोटार चालू झाली की थांबायचं. शिवजयंतीच्या ढोलांचा सराव सुरू झाला की थांबायचं. समोरच्या इमारतीत हळद असली तर त्या दिवसाची सुट्टीच. माझ्या भूगोलात, नद्यांच्या धड्यात, एक डास अगदी स्पष्ट ऐकू येतो. मी मात्र वाचायचे जीव ओतून. अवघड वाक्य आलं की थांबायचे, पुन्हा एकदा समजावल्यासारखं म्हणायचे. सनावळी आली की अक्षरन् अक्षर सुटं करायचे. लढाईत आवाज चढवायचे, राजा गेला की उतरवायचे. आपल्यासारखं कुणी वाचत नसेल असं मला वाटायचं. खरं तर वाटायचं काय, खात्रीच होती.

नसरीन तेव्हा कपड्यांच्या सेलच्या जाहिरातीसाठी आली होती. ती पिंपरीला शाळेत शिकवते आणि उरल्या वेळात अशा जाहिराती बोलते. ती मला वहिनी म्हणते आणि घरात पाऊल टाकण्याआधी चपला सरळ लावून ठेवते. त्या दिवशी माझा घसा बसला होता. टेबलावर उघडं पुस्तक पाहून तिने चौकशी केली आणि म्हणाली, वहिनी, आले आहे तर एखादा धडा मी वाचते. मी म्हटलं, वाचा की, त्यात काय. तोंड गोड ठेवायला मला जमतं. तिने राज्यघटनेतले मूलभूत हक्क वाचले, एका दमात, कुठेही न अडखळता, आणि दुपारची बस धरून निघून गेली. अमोलला ती दारात उभ्या उभ्या भेटली असेल तेवढीच.

पुढच्या आठवड्यात मी भाजी फोडणीला टाकत होते आणि अमोल ओट्याशेजारी खुर्चीत बसून हरभरे सोलत होता. सोलण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. एक कान घरासाठी मोकळा, एका कानात इअरफोन. मी सहज विचारलं, काय ऐकतोयस? म्हणाला, मूलभूत हक्क. दुसऱ्या दिवशीही मूलभूत हक्क. मी म्हटलं, अरे, इतिहास कुठवर आला? तो म्हणाला, ऐकतो की. मग हातातला दाणा वाटीत टाकला आणि म्हणाला, “ताई, राग नको धरूस. नसरीन मॅडमला अजून दोन-चार धडे वाचायला जमतील का, तेवढं विचार की.”

मी म्हटलं, विचारते की. आवाज अगदी साधा ठेवला. पण माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो कढईतल्या तेलालाही कळला असेल. उठल्यापासून झोपेपर्यंत याचं सगळं मी बघायचं, याला शर्टाचा रंग मी सांगायचा, खुर्ची कुठे आहे ते मी सांगायचं, आणि कानात कुणाला घ्यायचं तर गादीवाल्याच्या मुलीला! मी तिला फोन करून विचारलंही. ती आनंदाने हो म्हणाली, त्याचाही मला राग आला. नाही म्हणाली असती तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अमोल आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन घेतला आणि माझा इतिहास कानाला लावला. पहिला धक्का बसला तो वेगाचा. तो सगळं दुप्पट वेगाने ऐकतो. ज्यांचं वाचणं कानांनी चालतं ते असंच ऐकतात म्हणे, नाहीतर आयुष्य पुरायचं नाही. माझ्या थांबण्याच्या जागा, समजावणीचे सूर, राजा गेल्यावरचा हळवा उतार, सगळं चिमटीत धरून पिळल्यासारखं झालं होतं. मी कुणाशी तरी तावातावाने भांडतेय असं वाटत होतं. मग मी वेग नेहमीचा केला, तर दुसरंच काही ऐकू आलं. लढाई आली की माझा आवाज फाटत होता, कडेला कापड उसवावं तसा चरचरत होता. आणि पुढच्या धड्यांमध्ये हळू वाक्यं खरखरीत बुडून गेली होती. नसरीनचा धडा लावला, तो काचेसारखा.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे दोष माझा नव्हता, मशीनचा होता. अमोल नसरीनला निवडत नव्हता, तो फक्त खरखर टाळत होता. मी प्रशांत कंपनीतून यायची वाट पाहत बसले आणि तो दारातून आत आल्या आल्या त्याला धरलं. तिच्यासाठी चांगलं मशीन आणि माझ्यासाठी वाईट, हा काय प्रकार आहे? तो बूट काढता काढता म्हणाला, अगं, दोघींना एकच आहे. मी म्हटलं, मग तिचा आवाज सोन्याचा आणि माझा पत्र्याचा कसा? बूट तसाच एका पायात ठेवून तो आत गेला.

त्याने मग जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मायक्रोफोनमधून निघणारा आवाज फार क्षीण असतो. त्याला मोठं करते ती प्रीअँपची पेटी. त्या मोठ्या केलेल्या आवाजाचे आकडे करून संगणकाला देते ती कन्व्हर्टरची पेटी. आमचा प्रीअँप जुना, दणकट, मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला. कन्व्हर्टर नवा, छोटा, ऑनलाइन मागवलेला. जुन्या पेटीचा जोर मोठा आणि नव्या पेटीची सोसण्याची ताकद कमी. नव्या पेटीला एक छत असतं, आवाज त्याच्या वर गेला की वरचा भाग सरळ छाटला जातो, आणि छाटलेलं पुन्हा जोडता येत नाही. प्रशांत बघायचा जुन्या पेटीवरचा काटा. काटा मधोमध डोलत असला की तो समाधानी. पण काटा संथ असतो. मी लढाईत जो एकदम आवाज चढवायचे तो काट्याच्या ध्यानात येईपर्यंत नव्या पेटीत जाऊन आदळलेला असायचा. नव्या पेटीवर त्यासाठी लाल दिवा आहे. तो लागतही होता. पण ती पेटी उभ्या गादीच्या मागे सरकली होती, त्यामुळे तो दिवा आम्हाला कधी दिसलाच नाही.

गादी कुणाच्या दुकानातली, याची मी त्याला त्या क्षणी आठवण करून दिली.

फाटतंय असा संशय आल्यावर पुढच्या धड्यांना त्याने जुन्या पेटीचा जोर कमी करून ठेवला होता. त्याने फाटणं थांबलं, पण माझे हळू शब्द इतके बारीक झाले की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत मिसळून गेले. आणि नसरीनला यातलं काहीच लागू नव्हतं, कारण ती एका पट्टीत वाचते. तिचा आवाज कधी छताला लागत नाही आणि कधी तळाशी बसत नाही. “आमच्याकडे टाकीवरचा सेन्सर आणि पॅनेल यांची रेंज जुळली नाही ना,” प्रशांत म्हणाला, “तर टाकी अर्धी असते आणि पॅनेल भरली म्हणून ओरडतं. सेन्सर पण बरोबर असतो आणि पॅनेल पण. मध्ये कुणीतरी समजूत घालावी लागते.”

रविवारी सकाळी त्याने ती समजूत डब्यात घालून दिली. सुपारीच्या डबीएवढा पत्र्याचा डबा, आत काही रेझिस्टर झाळलेले. त्याला पॅड म्हणतात. हा दोन पेट्यांच्या मध्ये लावायचा. मग जुनी पेटी पूर्ण जोराने, मोकळेपणी चालते, तिचं काम झाल्यावर पॅड तो जोर उतरवतो आणि नव्या पेटीला सोसेल तेवढंच पुढे देतो. झाळणीचा धूर घरभर झाला होता. मी त्याला पोहे दिले, वर खोबरंही घातलं. इतकी मी खूश होते.

सगळा इतिहास मी नव्याने वाचला. डास होते, ढोल होते, पण आता काहीच लागत नव्हतं. पहिला धडा झाल्यावर प्रशांतने हेडफोन माझ्या कानाला लावला. माझाच आवाज, पण किती भरलेला. ओठ उघडतानाचा हलका आवाज, श्वास, ‘आणि’ म्हणताना मी घेतलेली छोटीशी लय, सगळं होतं तिथे. आपला चेहरा आपण आरशात बघतो, आवाज मात्र कधी धड ऐकलेलाच नसतो. त्या दुपारी मी कुणावरही जळत नव्हते. आयुष्यात अशा दुपारी फार येत नाहीत, निदान माझ्या.

अमोलने ऐकलं. आवाज एकदम साफ आला ताई, म्हणाला. दाजींनी कमाल केली, म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि दोन दिवसांनी तो झोपलेला असताना टेबलावर पडलेल्या त्याच्या इअरफोनमधून अगदी बारीक, मुंगीच्या पावलांनी, बोलणं ऐकू आलं. मी वाकून कान लावला. पंचायत राज. नसरीन, मधल्या आठवड्यात येऊन वाचून गेलेली.

आता मात्र माझ्याकडे मशीनचा दोष उरला नव्हता. तो उठल्यावर मी त्याच्यासमोर बसले आणि विचारलं. सरळ विचारलं, कारण आडून विचारण्याइतका धीर नव्हता. माझ्यात काय कमी आहे? तो इअरफोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. मी पाणी आणू का म्हटलं, त्याने नको म्हणून मान हलवली.

“ताई, तू वाचायलीस ना, तेव्हा मला इतिहास ऐकूच येत नाही. तूच ऐकू येतीस. पानिपत वाचताना पण वाटतं, हिला माझीच चिंता लागलीय. प्रत्येक ओळीच्या शेवटाला कळलं का रे, जमंल का रे, याचं कसं व्हायचं, असं ऐकू येतं. आधी खरखर होती, त्यात ते झाकून जायचं. आता सगळंच साफ ऐकू यायलंय.”

मी म्हटलं, आणि ती?

“त्यांना माझं काही पडलेलंच नाही,” अमोल म्हणाला. “त्या वाचतात तेव्हा मी नुसता परीक्षेला बसलेला माणूस असतो. लई हलकं वाटतं.”

मी रडले नाही, चिडले. काळजी करायची नाही तर मग बहीण कशाला झाले, असं काहीतरी बोलले आणि उठून गेले. गॅलरीत कपडे वाळत होते ते काढले, ओले होते तरी काढले, आणि पुन्हा घातले. इतके दिवस मी नसरीनच्या आवाजावर जळत होते, उच्चारांवर, दमसासावर. जळायचं ते भलतंच निघालं. तिच्याकडे जे होतं ते कमावलेलं नव्हतं. तिला अमोलबद्दल काही वाटत नव्हतं, एवढंच. आणि तेवढंच नेमकं माझ्याकडून होण्यासारखं नव्हतं. त्याला तापाने फणफणलेला मी मांडीवर घेतलाय, त्याने पहिल्यांदा ‘ताई, लाइट गेली का’ असं भर दुपारी विचारलं तेव्हा मी समोर होते. हे सगळं घशातून कसं काढून ठेवायचं?

नसरीन पुढचे धडे वाचायला आली तेव्हा चहा देता देता मी तिला विचारलं की तुम्ही वाचताना कुणाकडे बघता. मनातलं काही सांगितलं नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, “वर्गात मी मागच्या भिंतीकडे बघून वाचते, वहिनी. एका पोराच्या तोंडाकडे बघितलं ना, की मग धडा त्या एकट्याचाच होतो. बाकीचे राहतात.” मग तिने विचारलं की अमोलभाईंचा अभ्यास कसा चाललाय. म्हणजे तिला अगदीच काही पडलेलं नव्हतं असंही नाही. पण ते तिच्या वाचण्यात येत नव्हतं. मी बिस्किटं पुढे केली.

ती गेल्यावर मी खोलीत जाऊन बसले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी अमोलसाठी वाचायला बसले नव्हते, नसरीनला हरवायला बसले होते. समोर पट्ट्यापट्ट्यांची गादी. मी डोळ्यांसमोरून अमोलला बाजूला केला. सोपं नव्हतं, तो पुन्हा पुन्हा येऊन बसत होता. मग मी मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहणारी एक मुलगी मनात आणली. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून थकलेली, डबा खाऊन आडवी झालेली, याच परीक्षेला बसणारी. तिचं नाव मला माहीत नाही. ती पास झाली तर झाली, नाही तर पुढच्या वर्षी बसेल, मला काय त्याचं. तिच्यासाठी मी स्वातंत्र्यलढ्याचा धडा उघडला आणि वाचत गेले. कुठे थांबले नाही, कुठे समजावलं नाही. दाराच्या काचेतून प्रशांतने खूण केली की चालू दे. गादी आता बाजूला केली होती, लाल दिवा समोर दिसत होता, तो एकदाही लागला नाही. वाचून झालं तेव्हा मला एकदम पोकळ वाटलं, घरी पाहुणे येऊन गेल्यावर वाटतं तसं.

अमोलने तो धडा आपल्या वेगाने ऐकला. मी स्वयंपाकघरात होते. फ्रिजला हात लावत, दाराची चौकट चाचपत तो आला आणि त्याचा चेहरा असा उजळलेला होता की मला वाटलं कुठली तरी यादी लागली.

“जमलं ताई,” तो म्हणाला. “अगदी मला ओळखत नसल्यासारखं वाचलंस.”

त्याने ते मनापासून, कौतुकाने म्हटलं. मी म्हटलं, हो का? आणि कणीक मळत राहिले.

पुढचे सगळे धडे मी तसेच वाचले. नसरीनला पुन्हा बोलवावं लागलं नाही. मी जिंकले, असं म्हणायला हरकत नाही. अमोल परीक्षा पास झाला, सोलापूरकडे एका कचेरीत कारकून आहे, मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. मी रोज फोन करते. जेवलास का, रस्ता ओलांडताना कुणी बरोबर असतं का, गॅस बंद केलास का. तो ‘हो ताई, हो ताई’ म्हणतो आणि लवकर ठेवतो.

आता पुन्हा फेब्रुवारी आहे. खात्यातली पुढची परीक्षा आहे म्हणून अमोल सुट्टी टाकून आमच्याकडे आलाय. आल्या आल्या बॅग ठेवायच्या आधी म्हणाला, “ताई, त्या बाईकडून एवढं पुस्तक वाचून घे की.” अमोलला न ओळखणाऱ्या माझ्या त्या आवाजाला आमच्या घरात आता असंच म्हणतात, ती बाई. प्रशांतही म्हणतो. मी हसते आणि खोलीत जाऊन तिला वाचायला लावते.

आज दुपारी मी हॉलमध्ये आले तर अमोल जमिनीवर उताणा पडून ऐकत होता. दोन्ही कानांत इअरफोन, हात डोक्याखाली. त्याचं कपाळ अगदी मोकळं होतं, लहानपणी लातूरच्या गच्चीवर झोपायचा तसं. इतका निवांत तो माझ्यासमोर कधी असतो? मी तशीच उभी राहिले. मग मला राहवेना. डोकं दुखेल याचं, असं वाटलं आणि मी वाकून विचारलं, “अमोल, उशी देऊ का रे?”

त्याच्या भुवया जवळ आल्या, खांदे आखडले. त्याने एक इअरफोन काढला, उठून बसला आणि म्हणाला, “नको ताई, मी ठीक आहे.” मी गेल्याची चाहूल लागेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग तो पुन्हा आडवा झाला आणि त्याने तिला कानात घेतलं. मी दाराआडून पाहत होते. नसरीनवर जळणं सोपं होतं, ती दुसऱ्या घरची होती. ही माझ्याच घशातून बोलते, आणि ती बोलते तसं मला माझ्या भावाशी एकदाही बोलता आलेलं नाही.